कुत्रा धरा

इथे दार ठोठावत नाहीत.
गाडी पन्नास पावलांवर थांबवायची आणि ओरडायचं,
"कुत्रा धरा!"
हाच नमस्कार, पाहुणे आल्याची हीच वर्दी.
आणि मी तर कुत्र्यासाठीच आलेली असते.

एप्रिल संपताना सेलेंगेच्या उतारांवर
बर्फ फक्त दगडांच्या सावलीत उरतो.
गवत गेल्या वर्षीचंच, पिवळं, वाऱ्याने विंचरलेलं.
काठीला शिवलेलं मीटरभर पांढरं फलालीन
मी त्यावरून ओढत नेते.
शंभर पावलं. थांबायचं. उलटं करून बघायचं.
काडीच्या टोकावर पुढचे पाय पसरून
जे महिनोन्‌महिने उपाशी बसलेलं असतं
ते या कापडाला मेंढी समजतं.
चिमट्याने उचलते, बाटलीत टाकते.
चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची.
शाईला अल्कोहोल चढतं,
ती पसरते, गाव विसरते, तारीख विसरते.
पेन्सिल शुद्धीत राहते.

दुपारपर्यंत सदतीस गोचीड.
ओढ्यापलीकडच्या पट्ट्यात एकही नाही.
तिथे शून्य लिहिते.
बात्सूख नऊ वर्षं ही जीप चालवतोय,
नऊ वर्षं विचारतोय, नसलेल्याची कसली नोंद?
मी म्हणते, उद्या असलं
तर कालपर्यंत नव्हतं हे कोण सांगणार?
तो चाकाला लाथ मारून हवा बघतो.
हे त्याचं उत्तर.

चोइजिल्सुरेन आजी बासारच्या डोक्यावर
मेंढीचं कातडं टाकते आणि मानेवर रेलून बसते.
अस्वलाएवढा कुत्रा, गुरगुरणं कातड्याखालून येतंय,
जमिनीतून आल्यासारखं.
पुढच्या पायातून तीन मिली रक्त.
मग बारीक दातांची फणी, पाठीवरून शेपटीपर्यंत,
खाली पांढरी परात, परातीत पाणी.
दोन पिसवा.
त्यांचीही वेगळी बाटली, वेगळी चिठ्ठी.

खारट चहा पिताना मी गेल्या वर्षीचा कागद काढते.
तो हिवाळाभर राजधानीत पडून होता,
याची लाज वाटते, ती बोलून दाखवत नाही.
"बासारच्या रक्तात खुणा सापडल्या.
गोचिडाच्या तापाच्या."
"आजारी आहे?"
"नाही. होऊन गेलेला."
"कधी?"
"रक्त तारीख लिहून ठेवत नाही, आजी."

ती बराच वेळ चुलीत शेणी सारत राहते.
मग नातवाला हाक मारते, तेमूलेन, इकडे ये,
आणि त्याचे केस बाजूला करते.
कानामागे, शर्टाच्या गुंडीएवढी,
केस नसलेली जागा.
"मागच्या वसंतात. चार रात्री तापला होता.
काळी खपली धरली होती. आम्ही म्हटलं, वारा लागला."
मुलगा हसतो, त्याला गुदगुल्या होतात.

माझ्या तक्त्यात रकाने आहेत.
मेंढी, शेळी, घोडा, कुत्रा, गोचीड, पिसू.
मुलगा नाही.
मी समासात लिहिते, बारीक अक्षरात.
तालुक्याच्या डॉक्टरला फोन लावायला
टेकडीवर चढावं लागतं, तिथेच रेंज येते.
त्याला औषधाचं नाव सांगते.
म्हणते, पुढल्या वेळी काळी खपली दिसली
तर माझ्या कागदाची वाट बघू नका.
तो म्हणतो, आवाज तुटतोय.
मी पुन्हा सांगते.

निघताना बासार जीपमागे धावतो,
पाय किंचित लंगडता ठेवून,
मुद्दाम, मला दाखवायला.
आजी कमरेवर हात ठेवून उभी.
पुढच्या वर्षी पुन्हा पन्नास पावलांवरून ओरडेन,
तेव्हा तो मला ओळखेल,
आणि म्हणूनच जास्त जोरात भुंकेल.

रात्री शाळेच्या रिकाम्या वर्गात
बल्बखाली बाटल्या मोजते.
कॉलरखाली काहीतरी चालल्यासारखं वाटतं.
एकच. अजून डसलेला नाही.
चिमटा, बाटली, पेन्सिल.
अडतीस.
ठिकाण या शब्दापुढे क्षणभर थांबते,
मग माझंच नाव लिहिते.